वसतिगृह, मैदान आणि ऋणानुबंध



इतिहासावर बोलावे अशी आज्ञा या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला केली, तेव्हा मी माझी अडचण त्यांच्या कानावर घातली. मी इतिहासाचा अध्यापक नाही. माझी शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते रात्रशाळेत, सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत मालकांच्या नोटिसा वाचता वाचता शिकलो. चालकांनी हे सारे शांतपणे ऐकून घेतले आणि तारीख ठरवून टाकली. तेव्हा आजच्या भाषणात जे उणे राहील त्याची निम्मी जबाबदारी त्यांची आहे, हे आधीच नमूद करून ठेवतो.

माझा विषय आहे वसतिगृहात एकत्र वाढलेल्या मुलांचे जन्मभर टिकणारे नाते, आणि मैदानावर मोठ्या मुलाने धाकट्याला हाताशी धरून तयार करण्याची रीत. या रीतीचा सर्वांत प्रसिद्ध इतिहास इंग्लंडातील निवासी शाळांचा आहे. इटन, हॅरो, रग्बी ही नावे आपण ऐकलेली असतात. त्या शाळांना 'पब्लिक स्कूल' म्हणतात, पण फी पाहिली तर त्यांत पब्लिकचे काही नाही. कामगार चळवळीतल्या माणसाने साहेबांच्या शाळांची उठाठेव का करावी, असे कोणी विचारील. म्हणून प्रथम थोडे घरचे सांगतो.

माझे वडील मुंबईत परळच्या एका गिरणीत होते. कुटुंब गावी, आणि ते गावकीच्या खोलीत. दहा वर्षांचा असताना त्यांनी मला मुंबईस आणले. त्या एका खोलीत आमच्या गावचे वीस-बावीस लोक राहत. दिवसपाळीचा माणूस उठला की रातपाळीचा येऊन त्याच जागी वळकटी पसरी. जेवण खानावळीत. संध्याकाळी चाळीमागच्या मोकळ्या जागेत कबड्डी. तेथे एक बदली कामगार आम्हा पोरांना खेळ शिकवीत. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. दम कसा धरावा, चढाईला आलेल्याच्या डोळ्यांकडे न बघता पायांकडे का बघावे, घोट्यावर हात केव्हा टाकावा, हे मी त्यांच्याकडून शिकलो. त्याबद्दल त्यांनी आमच्याकडून कधी चहाही घेतला नाही. "मला ज्यांनी शिकवलं त्यांना मी काय दिलं?" असे म्हणत. तुमच्यामागून येतील त्यांना शिकवा, एवढीच त्यांची अट होती.

त्याच खोलीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तेथे दुसऱ्या गावच्या माणसाला थारा नसे. एकदा अण्णांनी शेजारच्या चाळीतला, आमच्या गावचा आणि आमच्या जातीचा नसलेला एक चपळ मुलगा संघात घेतला, तर खोलीत दोन दिवस अबोला होता. अण्णा हटले नाहीत. मुलगा संघात राहिला, पण खोलीत जेवावयास त्याला कोणी बोलावले नाही. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. वर्ष उलटले तरी भोंगा वाजेना. खोली रिकामी झाली, संघ मोडला, अण्णा गावी गेले.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात आहे. एकत्र जेवलेल्या, एकत्र खेळलेल्या माणसांत जो ऋणानुबंध जडतो, तो इतका बळकट असतो की वीस वर्षांनी भेटलेला माणूसही भावासारखा वाटतो. पण हा ऋणानुबंध माणसाला कोठे नेतो? आपल्याच खोलीच्या उंबऱ्याशी तो थांबतो, की उंबऱ्याबाहेर पडतो? ज्यांच्यापाशी पैसा, वेळ आणि मैदाने होती, त्यांनी या ऋणानुबंधाचे काय केले हे पाहावे म्हणून मी त्या इंग्रज शाळांचा इतिहास, शब्दकोश शेजारी ठेवून, वाचावयास घेतला.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या शाळांची स्थिती फार चांगली नव्हती. मास्तर थोडे, मुले पुष्कळ. वर्ग संपला की मुलांचे राज्य. धाकट्या मुलाने वडील विद्यार्थ्याच्या दिमतीस राहावयाचे, त्याचे बूट पुसावयाचे, चहा करावयाचा, पाव भाजून द्यावयाचा, अशी रीत होती. अशा धाकट्याला 'फॅग' म्हणत. यातून जुलूमही होई. तोच धाकटा चार वर्षांनी मोठा झाला की आपण सोसलेले व्याजासकट नव्या पोराकडून वसूल करी. म्हणजे ऋण पुढे जात होते, पण कोणते ऋण? खाल्लेल्या माराचे.

१८२८ साली टॉमस आर्नोल्ड हे रग्बी शाळेचे मुख्याध्यापक झाले आणि १८४२ साली मृत्यू येईपर्यंत त्या जागेवर राहिले. त्यांनी ही रीत मोडली नाही. त्यांनी सर्वांत वरच्या वर्गातील मुलांना जवळ घेतले, त्यांच्यावर विश्वास टाकला आणि धाकट्यांच्या वर्तनाची जबाबदारी त्यांच्या गळ्यात घातली. सत्ता होतीच, तिच्याबरोबर उत्तरदायित्व आले. आर्नोल्डना खेळांचे फारसे वेड नव्हते. त्यांचा ओढा धर्म आणि चारित्र्य यांकडे. पण मैदान मुलांच्याच हाती होते, आणि म्हणून वडील-धाकट्यांचे नाते घडले ते मुख्यतः मैदानावर. रग्बीच्या फुटबॉलचे पहिले लिखित नियम १८४५ साली तयार झाले, ते तीन विद्यार्थ्यांनी लिहिले, मास्तरांनी नव्हे. ज्या पोरांना आपल्या खेळाचा कायदा आपण लिहिता येतो, त्यांना पुढे मोठ्या सभांतून ठराव लिहिणे जड जात नाही, हे युनियनमधल्या अनुभवावरून मी सांगू शकतो.

या शाळेत १८३४ ते १८४२ या काळात टॉमस ह्यूज नावाचा मुलगा शिकत होता. अभ्यासात बेताचा, मैदानावर पुढे. शेवटी तो क्रिकेटच्या संघाचा कप्तान झाला. १८५७ साली त्याने 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' ही कादंबरी प्रसिद्ध केली. पहिल्या आवृत्तीवर लेखकाचे नाव नव्हते. 'एक माजी विद्यार्थी' एवढेच छापले होते. ही कादंबरी इंग्रजी राज्य होते तेथे तेथे पोचली. टॉम शाळेत येतो तेव्हा फ्लॅशमन नावाचा दांडगा मुलगा त्याला छळतो, एकदा तर शेकोटीसमोर धरून भाजतो. टॉम त्यातून निभावतो, पण स्वतःही वाह्यात होऊ लागतो. तेव्हा त्याच्या हाती आर्थर नावाचा एक नवा, दुबळा, भित्रा मुलगा सोपविला जातो. त्याला सांभाळता सांभाळता टॉमच सुधारतो. पुढे त्याला कळते की ही युक्ती मुख्याध्यापकांचीच होती. शेवटच्या क्रिकेट सामन्यात टॉम कप्तान असतो आणि तो भित्रा आर्थर संघात खेळत असतो.

या गोष्टीतले मर्म असे, की धाकट्याला शिकविताना मोठा घडतो. आमच्या अण्णांना गिरणीत कोणी विचारीत नसे, बदलीच्या दाराशी रोज उभे राहावे लागे. पण संध्याकाळी दहा पोरे वाट बघत असत म्हणून ते ताठ चालत. वडीलकीचा खरा लाभ कोणाला होतो, याचा हिशेब आपण सहसा उलटा मांडतो.

पण माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट कादंबरीबाहेरची आहे. शाळा सुटल्यावर ह्यूज वकील झाले. १८५४ साली लंडनमध्ये कामगारांसाठी एक महाविद्यालय निघाले, त्याच्या संस्थापकांत ते होते. तेथे त्यांनी शिकविले काय, तर मुष्टियुद्ध! दिवसभर वाकून काम करणाऱ्या माणसाचे खांदे पोक काढतात, छाती आत जाते. व्याकरणाइतकीच तीही उणीव आहे, असे त्यांचे मत होते. शाळेच्या मैदानावर जे मिळाले ते त्यांनी सुतार आणि छापखान्यातल्या माणसांपुढे ठेवले. पुढे ते पार्लमेंटात गेले. १८६७ साली कामगार संघटनांची चौकशी करण्यासाठी सरकारने आयोग नेमला, त्याचे ते सभासद होते. त्या काळी न्यायालयांची दृष्टी अशी होती, की संघटना ही धंद्याला आडकाठी करणारी, म्हणून तिचा खजिनदार पैसे घेऊन पळाला तरी तिला दाद मागता येत नसे. आयोगातील बहुमताशी न जुळणारे, संघटनांच्या बाजूचे वेगळे मतपत्र ज्या तिघांनी दिले त्यांत ह्यूज एक होते. त्या मतपत्राचा प्रभाव १८७१ च्या कायद्यावर पडला, आणि इंग्लंडात कामगार संघटना कायदेशीर ठरली. त्याच वर्षी दुसऱ्या कायद्याने पिकेटिंग करणाऱ्यांवर खटले भरण्याची सोय करून ठेवली, हेही खरे. ती आपत्ती टळण्यास १८७५ साल उजाडावे लागले. पण आपल्याकडे १९२६ साली ट्रेड युनियन कायदा झाला, त्यामागे ज्या इंग्रजी कायद्याचे वळण होते, त्याच्या वाटेवर रग्बीच्या मैदानावरचा हा माणूस उभा आहे. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. साहेबांच्या शाळेविषयी माझ्या मनात जो सरसकट राग होता, तो त्या दिवशी सरसकट राहिला नाही.

आता दुसरी बाजू. सगळेच माजी विद्यार्थी ह्यूजच्या वाटेने गेले नाहीत. शाळा सुटली तरी खेळ सुटू नये म्हणून त्यांनी आपापल्या शाळांच्या नावाने क्लब काढले: ओल्ड इटोनियन्स, ओल्ड कार्थुसियन्स वगैरे. १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली, तीत याच मंडळींचा भरणा होता. १८७१ साली हॅरोचा माजी विद्यार्थी चार्ल्स आल्कॉक याने चषकाची कल्पना मांडली. त्याच्या शाळेत निरनिराळ्या वसतिगृहांचे सामने होत, त्याच धर्तीवर ही स्पर्धा. पहिली दहा वर्षे चषक या साहेबांकडे आणि लष्करी अधिकाऱ्यांकडेच फिरत राहिला.

इकडे उत्तरेस लँकेशायरमध्ये कापडगिरण्यांच्या गावांत दुसरे काही घडत होते. १८५० च्या कारखाना कायद्याने गिरण्या शनिवारी दुपारी दोन वाजता थांबू लागल्या होत्या. ती अर्धी सुट्टी कामगारांनी लढून मिळविलेली. त्या अर्ध्या दिवसात कामगार फुटबॉल खेळू लागले. ३१ मार्च १८८३ रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर अंतिम सामना झाला. एका बाजूस ओल्ड इटोनियन्स, आदल्या वर्षीचे विजेते. दुसऱ्या बाजूस ब्लॅकबर्न ऑलिंपिक. या संघात विणकर होते, सूत काढणारा होता, लोखंडाच्या कारखान्यातला माणूस होता, नळ बसविणारा होता. पहिला गोल इटनवाल्यांनी केला. ऑलिंपिकने बरोबरी साधली. इटनचा आर्थर डन जखमी होऊन बाहेर गेला. वाढीव वेळेत कॉस्टली नावाच्या सूतगिरणी कामगाराने गोल केला आणि २-१ असा चषक कामगारांच्या संघाने नेला. त्यानंतर माजी विद्यार्थ्यांच्या कोणत्याही संघाने तो पुन्हा जिंकला नाही.

हरल्यानंतर माणसाचा कस लागतो. कामगार खेळाडूला दूरच्या सामन्यासाठी खाडा करावा लागे, खाड्याचा पगार जाई. तेव्हा त्याची भरपाई क्लबने द्यावी, एवढाच प्रश्न होता. साहेब म्हणाले, पैसे घेऊन खेळणे म्हणजे खेळाचा विटाळ. ज्याच्या घरी चूल पेटण्याची चिंता नाही त्याला हे म्हणणे सोपे जाते. फुटबॉल असोसिएशनने १८८५ साली शहाणपण दाखवून पैसे घेणाऱ्या खेळाडूंना मान्यता दिली. रग्बीच्या खेळात मात्र हट्ट सुटला नाही. १८९५ साली याच खाड्याच्या भरपाईवरून उत्तरेकडील वीसहून अधिक क्लब फुटून निघाले आणि एका खेळाचे दोन खेळ झाले.

त्याच १८९५ साली रग्बी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या सभेने एक चौकशी केली. १८२३ साली विल्यम वेब एलिस नावाच्या मुलाने चेंडू हातात घेऊन धाव घेतली आणि त्यातून रग्बीचा खेळ जन्मला, अशी कथा एका जुन्या विद्यार्थ्याने ऐकीव माहितीवरून प्रसिद्ध केली होती. सभेने तीच उचलून धरली आणि १९०० साली शाळेत तिची शिला बसविली. मौज अशी, की या चौकशीत वृद्ध टॉमस ह्यूज यांचीही साक्ष झाली, आणि आपल्या वेळी असे काही कोणी सांगत नसे, असे ते म्हणाले होते. खेळ कोणाचा, हा वाद दाराशी आला तेव्हा खेळ आमच्या शाळेत, आमच्या मुलाने निर्माण केला, असे दगडावर कोरून ठेवावेसे वाटले, असा माझा तर्क आहे. शाळेवरचे प्रेम खरेच होते. पण प्रेमालाही कधी कधी कुंपण घालण्याची घाई होते.

तो जखमी झालेला आर्थर डन पुढे शिक्षक झाला, त्याने स्वतःची शाळा काढली, लहान मुलांना खेळ शिकविले. त्याच्या मृत्यूनंतर १९०२-०३ च्या हंगामापासून त्याच्या स्मरणार्थ एक चषक सुरू झाला, पण तो फक्त माजी विद्यार्थ्यांच्या संघांसाठी. ब्लॅकबर्नशी पुन्हा गाठ पडण्याचा त्यात प्रश्नच नव्हता. स्मारक प्रेमाचे होते, पण त्याचे दार आतून लावलेले होते.

काहींनी मात्र दार उघडे ठेवले. इटनच्या मंडळींनी १८८० साली पूर्व लंडनच्या हॅक्नी विक या गरीब वस्तीत काम सुरू केले, आणि त्यातूनच १९०९ साली 'इटन मॅनर' हा मुलांचा क्लब उभा राहिला. तेथे फुटबॉल, मुष्टियुद्ध, धावणे शिकविले जाई. यात दयेचा वास होता, आणि मला दयेचा वास आवडत नाही. पण एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. क्लबात वाढलेल्या वस्तीतल्या मुलांचाही पुढे स्वतःचा 'ओल्ड बॉइज' क्लब झाला. म्हणजे इटनला कधी पाय न ठेवलेली, कारखान्यात जाणारी मुलेही 'माजी विद्यार्थी' झाली. क्लब १९६७ साली बंद पडला, पण त्यांच्या मैदानाच्या जागी २०१२ साली लंडनच्या पॅरालिंपिकमधील चाकाच्या खुर्चीवरील टेनिसचे सामने झाले.

यातली सर्वांत दूरवर गेलेली कथा हेलीबरीची आहे, आणि ती आपल्या दारापर्यंत येते. हेलीबरी येथे ईस्ट इंडिया कंपनीचे महाविद्यालय होते. हिंदुस्थानावर राज्य करावयास येणारे तरुण अधिकारी तेथे तयार होत. साताऱ्यास रेसिडेंट आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले बार्टल फ्रियर तेथलेच. १८५८ साली ते महाविद्यालय मिटले आणि १८६२ साली त्याच वास्तूत निवासी शाळा सुरू झाली. त्या शाळेत १८९६ ते १९०१ या काळात क्लेमंट ॲटली शिकले. ज्या १८८३ सालात विणकरांनी इटनला हरविले, त्याच सालच्या जानेवारीतला त्यांचा जन्म. लहानखुरे, लाजाळू, मैदानावर त्यांनी काही गाजविले नाही. १९०५ साली ते पूर्व लंडनच्या स्टेपनी वस्तीत हेलीबरीच्या माजी विद्यार्थ्यांनी चालविलेला मुलांचा क्लब पाहावयास गेले. शाळेचा ऋणानुबंध म्हणून गेले, एवढेच. मग आठवड्यातून एक संध्याकाळ जाऊ लागले. १९०७ साली त्या क्लबचे व्यवस्थापक होऊन तेथेच राहावयास गेले. मुलांना कवाईत शिकवावी, त्यांच्याबरोबर खेळावे, आजारी पडली तर घरी जावे. घरी गेल्यावर त्यांना दिसले, की ही मुले आळशी नाहीत, यांचे बाप दारुडे नाहीत, रोजगारच नाही. पुराणमतवादी म्हणून त्या वस्तीत गेलेला हा वकील १९०८ साली मजूर चळवळीत सामील झाला.

१९२७ साली नेमलेल्या सायमन कमिशनचे जे सात सभासद होते त्यांत ॲटली एक. ३ फेब्रुवारी १९२८ रोजी कमिशन मुंबईस उतरले तेव्हा काळ्या बावट्यांनी त्याचे स्वागत झाले, आणि ते योग्यच झाले. ज्या कमिशनात एकही हिंदी माणूस नाही त्याने आमचे भवितव्य काय ठरवावे? स्टेपनीच्या पोरांचे घर पाहिलेल्या माणसालाही हे कुंपण ओलांडण्यास वेळ लागला. पुढे १९४७ साली हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा कायदा झाला तेव्हा पंतप्रधान तेच होते. स्वातंत्र्य आपण मिळविले, कोणी दान केले नाही. तरी पण ज्या जागेत आमच्यावर राज्य करणारे तयार झाले, त्याच जागेतला विद्यार्थी त्या राज्याचा कारभार आवरावयास बसला, आणि त्याच्या आयुष्याचे वळण मुलांच्या एका क्लबात झाले, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

१९२८ सालाचा उल्लेख आला म्हणून आपल्या अंगणातलेही सांगतो. त्याच वर्षी मुंबईच्या गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा संप झाला. त्या वेळी विणखात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळाचे भय. हा प्रश्न त्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उभा केला. तेव्हा इटनवाल्यांच्या कुंपणाला हसण्याआधी आपण आपल्या साच्याजवळचे कुंपण आठवावे. लाल बावट्याखालीही ते होते.

आता या कथेची एक फांदी कोल्हापुराकडे वळते. इंग्रजांनी आपल्या निवासी शाळांचा नमुना संस्थानिकांच्या मुलांसाठी येथे आणला. १८७० साली राजकोटचे राजकुमार कॉलेज सुरू झाले. कोल्हापूरचे शाहू महाराज १८८५ ते १८८९ या काळात तेथे राहून शिकले. भावनगरच्या भावसिंहजींशी त्यांचा जो स्नेह जडला तो जन्मभर टिकला. या शाळेचा हेतू असा, की राजपुत्रांनी राजपुत्रांत राहावे आणि इंग्रजी शिस्तीचे राजे व्हावे. म्हणजे कुंपण पक्के. पण शाहू महाराज परत आले, १८९४ साली राज्यकारभार हाती घेतला, आणि १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू केले. त्याच साली जैन वसतिगृह. पुढे मुसलमान, लिंगायत, आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. १९१२ साली खासबागचे कुस्तीचे मैदान तयार झाले, तेथे राजाही बसे आणि रयतही. राजपुत्रांच्या वसतिगृहातून निघालेल्या माणसाने रयतेच्या पोरांसाठी वसतिगृहे बांधली, हा माझ्या मते त्या इंग्रजी रोपाला आलेला सर्वांत चांगला मोहर होय.

तरीही ही वसतिगृहे जातवार होती. त्या काळी त्याहून वेगळे होणे कठीण होते. पुढचे पाऊल ज्याने टाकले तो याच वसतिगृहांत राहिलेला मुलगा होता. कुंभोजचे भाऊराव पाटील कोल्हापुरास जैन बोर्डिंगात राहिले. कुस्तीचा शोक, अंगाने धिप्पाड, अभ्यासात मागे. बोर्डिंगाचे सोवळे त्यांना मानवले नाही आणि त्यांना ते सोडावे लागले. १९१९ साली त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यास असे वसतिगृह काढले की जेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत. स्वयंपाक, झाडलोट, शेतीचे काम मुलेच करीत. लक्ष्मीबाईंनी मुलांच्या दाण्यागोट्यासाठी अंगावरचे दागिने मोडले. १९२७ साली महात्मा गांधींनी त्या वसतिगृहास छत्रपती शाहूंचे नाव दिले. आणि त्या पंक्तीला जेवलेल्यांपैकी पुष्कळांनी पुढे काय केले? मोठ्या पगाराच्या वाटा सोडून ते संस्थेचे आजीव सभासद झाले, खेड्यांतून शाळा काढीत फिरले. येथे 'फॅग' नव्हता. धाकट्याने मोठ्याचे बूट पुसावयाचे नव्हते, बूटच नव्हते. पण ऋण पुढे देण्याची रीत तीच होती, आणि तिला उंबरा नव्हता.

बंधुभगिनींनो, या साऱ्या इतिहासातून मला एवढेच समजले, की वसतिगृहाचा ऋणानुबंध हा स्वतः चांगला नाही आणि वाईटही नाही. तो जोर आहे. चढाईला गेलेल्याच्या दमासारखा. तो आपल्याच अंगणात खर्च केला तर गुण मिळत नाही. रेषेपलीकडे जावे लागते. ह्यूज गेले, ॲटली गेले, शाहू महाराज आणि भाऊराव गेले. ज्यांनी तो रेषेच्या आत राखला त्यांचे चषक आणि शिला राहिल्या आहेत.

आजकाल माजी विद्यार्थ्यांचे मेळावे आपल्याकडेही फार होतात. जुने फोटो पाहतात, जेवतात, डोळ्यांत पाणीही येते. ते चांगलेच आहे. मी अशा एका मेळाव्यास पाहुणा म्हणून गेलो होतो. बाहेर फाटकाशी वसतिगृहातली आताची मुले आत काय चालले आहे ते पाहत उभी होती. मी इतकेच विचारले, की यांच्यातल्या एखाद्याचे नाव येथे कोणाला ठाऊक आहे काय? कोणी उत्तर दिले नाही. पण निघताना दोघे गृहस्थ, दोघेही साठीच्या घरातले, मैदानावर त्या मुलांना व्हॉलीबॉलची सर्व्हिस कशी करावी ते दाखवीत होते. त्यांचा नेम फारसा लागत नव्हता.

आमचे अण्णा संपानंतर गावी गेले. पुष्कळ वर्षांनी मी त्यांना भेटावयास गेलो. त्यांनी प्रकृती विचारली नाही, पगार विचारला नाही, युनियनचेही विचारले नाही. विचारले ते असे: "पोरं येतात का रे खेळायला?" तेव्हा मला होय म्हणता आले नाही. परत आल्यावर आमच्या युनियनच्या कचेरीमागची जागा आम्ही साफ करून घेतली. कारखान्यात आता कंत्राटी मुले येतात, कोणी बिहारचा, कोणी ओरिसाचा, कोणी मराठवाड्याचा, आणि एकेका खोलीत दहा दहा राहतात. त्यांना कबड्डी येते, पण प्रत्येकाची रीत निराळी. संध्याकाळी आम्ही दोन संघ पाडतो तेव्हा मी एकच नियम ठेवला आहे: एका खोलीचे दोघे एका बाजूस नाहीत.